भिजत ठेवलंय, हात लावू नका

घरातल्या प्रत्येक कामात एक आध्यात्मिक बोध दडलेला असतो, आणि तो काम करणाऱ्यापेक्षा शेजारी खुर्चीवर बसलेल्याला लवकर दिसतो. हे सत्य ध्यानात घेऊनच चर्चने गृहकार्य-बोध समिती नेमली. सभासद नऊ. पैकी सात जणांनी घरात कधी इकडची काडी तिकडे केलेली नव्हती (अनुभवाने चिंतन गढूळ होते). दोन वर्षांत समितीने भांडी घासण्यातून एकतीस बोध काढले, केर काढण्यातून चौदा, इस्त्रीतून नऊ. संडास घासण्यातून एकही निघाला नाही. तो विषय पुढील सभेपर्यंत तहकूब आहे.

आई गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात समिती सांत्वनाला घरी आली. लेकीने नऊ कप चहा केला. चिटणीस हात धुवायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच ओरडले, "पाळकसाहेब, आधी इकडे या!"

सिंकमध्ये दुधाचे पातेले भिजत पडले होते, बूड काळेकुट्ट. वर टाइलवर आईच्या अक्षरातली चिठ्ठी: 'भिजत ठेवलंय. हात लावू नका.' (ही चिठ्ठी वीस वर्षे गरजेप्रमाणे टाइलवर चढत-उतरत असे. चिठ्ठी नसली तरी घरातले कोणी हात लावत नसे.)

चिटणिसांनी डोळ्यांना रुमाल लावला. "भिजत ठेवलंय, म्हणजे बाप्तिस्मा! अन् हात लावू नका, हे तर पुनरुत्थानाच्या सकाळचे थेट प्रभूचे शब्द!"

"बाईंनी जाता जाता संदेश ठेवला," पाळकसाहेब म्हणाले.

"अहो, दूध करपलं होतं," मावशी दारातून म्हणाली. "ताईचं दर आठवड्याला करपायचं. फोन हातात आला की गॅसचं भान राहायचं नाही तिला."

"करपणं म्हणजे पाप," चिटणिसांनी वहीत लिहून घेतले. "आणि फोन?"

"प्रार्थना," पाळकसाहेब म्हणाले. "दुसरं काय असणार?"

आई गेली त्या सकाळी फोनच्या दुसऱ्या टोकाला लेकच होती. विषय पडद्यांच्या रंगाचा. आई दोनदा 'थांब गं, दूध' म्हणाली आणि दोन्ही वेळा हिने 'एक मिनिट, ऐक तर' म्हटले. दूध करपले, आईने पातेले भिजत घातले आणि दुपारी ती गेली. तेव्हापासून लेक रोज त्यातले पाणी तेवढे बदलत होती. घासत नव्हती.

समितीने बाहेरच्या खोलीत तातडीची सभा भरवली. ठराव झाले ते असे: पातेल्यात नवे नऊ बोध आढळले (सभासदागणिक एक). पातेले आहे त्या पाण्यासह चर्चच्या काचेच्या कपाटात ठेवावे. वास आल्यास तो दहावा बोध समजावा. नेताना पाणी हिंदकळू नये म्हणून उपसमिती नेमावी. पातेल्याला कान दोनच असल्याने उपसमितीत कोण असावे यावर पाऊण तास चर्चा रंगली.

तेवढ्यात लेक उठली, आत गेली आणि तिने घासणी हातात घेतली. इतके दिवस भिजलेले बूड. चार हात फिरवले नि निघाले. एवढ्या सहज निघेल असे तिला वाटले नव्हते. चकचकीत पातेले पालथे घालून ती वाहत्या नळाखाली हात धरून नुसतीच उभी राहिली. शेवटी मावशीने नळ बंद केला.

"झालं?"

"झालं."

कानांवरून एकमत करून चिटणीस आत आले आणि जागीच थिजले. "अगं, काय केलंस हे! दहाच्या दहा बोध गटारात घातलेस की!"

"पातेलं राहिलंय ना?" मावशी म्हणाली. "न्यायचं असेल तर घरी न्या, दूध तापवा त्यात. स्वतः."

समिती जड अंतःकरणाने निघून गेली. इतिवृत्तात 'साक्षीचा नाश' अशी नोंद आहे. टेबलावर नऊ कप तसेच पडले होते (कपांतून समितीने अद्याप बोध काढलेला नाही). लेकीने ते सिंकमध्ये ठेवले, वर पाणी सोडले. चिठ्ठी काढायला हात उचलला, आणि राहू दिली.

ज्या वाचकांना या कथेतून बोध हवा असेल त्यांनी समितीकडे अर्ज करावा. अर्ज बसल्या जागी भरता येतो. तुमच्या हाताशी तो जो रिकामा कप आहे, तो तसाच राहू द्या. आत कोणीतरी आहेच.