डायवर, घंटी वाजनी!

दोंडाईच्यात माझ्या दवाखान्यात दात दाखवायला आलेल्या पोराला आधी तिकीट काढावं लागतं. वहीचं पान फाडून ते देतात आमचे शेजारी, सुकदेवनाना. "दोंडाईचा ते नरडाणा, एक हाफ!"

नाना एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण अंगातली एसटी काही उतरत नाही. सकाळी दहाला माझ्या बाकावर हजर! माझी खुर्ची म्हणजे त्यांची गाडी आणि मी, शिकलेली दातांची डॉक्टर, डायवर. मला न विचारता त्यांनी खुर्चीवर घंटी टांगली आणि दोरी पोरांच्या हाती दिली.

"एक घंटी दिधी का गाडी थांबनी. डायवरना बाप बी थांबस! दोन घंट्या, मंग चालनी."

कपाळ माझं! पिंकी नावाच्या चिमुरडीनं एका दाढेत एकवीस थांबे घेतले. नरडाण्याच्या गाडीलाही एवढे नसतात. एकदा घंटी वाजूनही मी "झालंच हं बाळा" म्हणत मशीन जरा पुढे रेटलं, तर नाना सगळ्यांसमोर कडाडले, "डायवर! घंटी वाजनी!" अस्सा राग आला मला! पण खरं सांगते, दारातूनच भोकाड पसरणारी पोरं आता स्वतःहून खुर्चीत चढतात.

मागच्या महिन्यात नानांचाच गाल टम्म फुगला. म्हणे, "डास चावना." तीन दिवस खिचडीवर काढले. शेवटी अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दंडाला धरून आणलं. दाढेत पू झाला होता, आणखी थांबणं धोक्याचं होतं. खुर्चीत नाना लटलट कापत होते आणि मी मेली हसले. अजून लाज वाटते त्याची.

दोरी त्यांच्या हातात दिली. आरसा तोंडाशी नेला. टिंग. मी थांबले. पुन्हा नेला. टिंग. तिसऱ्यांदाही टिंग.

"अहो नाना, अजून हातसुद्धा लावला नाही. दुखतंय कुठे?"

"दुखस नही, ताई. तू थांबस का, ते देखी राह्यनू."

मग हळूच म्हणाले, सहा वर्षांचे असताना गावात चौघांनी हातपाय दाबून पक्कडीनं त्यांची दाढ उपटली होती. "थांबा, थांबा, वरडी राह्यंतू मी. कोन्ही थांबनं नही."

मी आरसा ठेवला, हात मांडीवर घेतले आणि नुसती बसून राहिले.

बऱ्याच वेळानं नानांनी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि दोन घंट्या दिल्या.