गुलाबरावांची फेरी-वही

गुलाबराव चहासुद्धा टायमिंग लावून पीत. कप हातात आला की गळ्यातलं स्टॉपवॉच टिक् करत, शेवटच्या घोटाला पुन्हा टिक्. मग निकाल: "आज गरम होता."

पूर्वी ते शाळांच्या धावण्याच्या स्पर्धांत वेळ घेत. आमच्या कचेरीत ते कॉम्प्युटर चालवायला आले आणि घड्याळही आलं. मी तिथं नोंदपुस्तकं सांभाळायचो, म्हणून ते मला ‘पुस्तकवाले’ म्हणत. गावोगावच्या याद्या जिल्ह्याच्या मशीनवर चढवणं हे त्यांचं काम. प्रत्येक यादी म्हणजे एक ‘फेरी’. कधी सुटली, कधी पोचली, कोणत्या नावाला ‘दम लागला’, सगळं एका लांब वहीत.

"गुलाबराव, यादी ऑलिम्पिकले पाठवता का?" साहेब चिडवत.

"पाठवा ना साहेब, मेडल आणते!"

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी बियाण्याच्या याद्या निघाल्या. शेवटच्या दिवशी पाचपर्यंत नाव चढलं तरच पेरणीआधी बियाणं. दुपारी दोनला बोरी अरबची यादी अडकली. गावची माणसं व्हरांड्यात बसलेली.

"मशीनच म्हातारी झाली," साहेबांनी हात टेकले.

"म्हातारी काहून म्हनता? सकाळी बाकी गावं पयत चढली." गुलाबरावांनी वही उघडली. बोरीचीसुद्धा काही नावं झटक्यात गेली होती, काही रखडली होती. रखडलेल्या प्रत्येक नावापुढं गाव ‘बोरीअरब’ असं जोडून लिहिलेलं होतं.

"पाहा! जोडून लिहिलं का तिले गाव भेटून नाही राह्यलं. अख्खा जिल्हा धुंडते. मारेगावपर्यंत जाऊन येते बिचारी!"

आम्ही दोघं बसलो आणि एकेका बोरीला अरबापासून वेगळं केलं. चार वाजून गेले. गुलाबरावांनी वहीतली जुनी टायमिंगं पाहून आकडेमोड केली, फेरी सोडली आणि व्हरांड्यात जाऊन ओरडले, "बावीस मिनिटं! भाकर खाऊन या."

माणसं परतली तेव्हा शेवटचं नाव चढत होतं. पाचाला अजून वेळ होता. व्हरांड्यात टाळ्या, आरोळ्या. साहेबांनी स्वतः सगळ्यांना चहा सांगितला. तोंड पाडून बसले होते ते एकटे गुलाबराव.

"एकवीस पन्नास. दहा सेकंदानं चुकलो."

"एवढं मोजता कायले?" मी हसत विचारलं.

ते घड्याळाची काच पुसत राहिले. "पुस्तकवाले, आमच्या हिले दवाखान्यात नेलतं, तवा बाहेर बसवलं मले. इचारलं का म्हने, थांबा. थांबलो. तिचा किती येळ उरला ते कोनी सांगितलं असतं, तर भांडून आत गेलो असतो."

पुढं काही वर्षांनी गुलाबरावही वारले. वही माझ्याकडे आहे. त्या दिवसाचं पान मी पुष्कळदा उघडतो. "बोरी अरब. एकवीस मिनिटं पन्नास सेकंद. सारे चढले." खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे.

"सारे जेवून आले."