माणिकरावांची वेगळी खिचडी

"पोट माह्यं हाय का आचाऱ्याचं? मी माह्यंच खाईन!" माणिकरावांनी सकाळीच मांडवात ठणकावून सांगितलं.

किन्हीराजा गावात त्यांच्या लेकीचं, पिंकीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. माणिकरावांच्या आतड्याला सूज यायची. फार भोगलं होतं बिचाऱ्यांनी. वाशीमच्या डॉक्टरांच्या गोळ्या आणि जपून खाणं, यांनी दुखणं आता कुठे ताळ्यावर आलं होतं. तिखट आणि तळण आपल्याला सोसत नाही, हे त्यांनी स्वतः पारखलं होतं. आज पंगतीला रोडगे आणि झणझणीत वांग्याची भाजी होती. म्हणून केशरबाईंनी नवऱ्यापुरती लहानशा गंजात, वेगळ्या पातेल्यात, दुधी घालून मुगाची मऊ खिचडी शिजवली.

"पण इवायासंगंच बसा बरं. नाहीतर रुसतीन," त्यांनी बजावलं.

"बसतो ना! काही होत नाही."

झालं भलतंच. केशरबाईंनी गंज पदराखाली झाकून आणला आणि त्या झाकण्यानंच घात केला. रिसोडचे व्याही फुलचंदजी शेजारीच बसले होते.

"काहो, घरच्याइले खास अन् पाव्हण्याइले वांगे?"

"तसं नाही, इवाई. माह्या आतड्याले सूज हाय."

"बिमार माणूस सकाळपासून असा मांडवभर पयते का? आमाले येडं समजता?"

घ्या! तब्येत सुधारली, हाच माणिकरावांचा गुन्हा ठरला. रिसोडकरांचे हात ताटावरच थांबले. दारातून बघणाऱ्या पिंकीचे डोळे भरून आले. माणिकरावांना वाटलं, सोयरीक मोडते की काय! त्यांनी सगळा गंज फुलचंदजींच्या ताटात उपडा केला.

फुलचंदजींनी घास घेतला. ना मिरची, ना फोडणी. पण एवढा तमाशा करून आता माघार कशी घेणार?

"वा! याले म्हणतेत जेवण!" म्हणत त्यांनी ताट चाटूनपुसून संपवलं. माणिकरावांनी केळ्यांवर वेळ मारून नेली.

लग्न रिसोडला झालं. केशरबाईंनी डबा सोबत घेतलाच होता, पण फुलचंदजी छाती फुगवून समोर आले.

"डबा ठेवा तिकडं! आमी काय तुमच्याहून कमी हाओत?"

साऱ्या मांडवाला दुधीची खिचडी! जन्मभर ठेच्यावर पोसलेली वऱ्हाडी मंडळी एकमेकांची तोंडं बघत घास गिळत होती. माणिकराव मात्र आडवा हात मारत होते.

"वाढ रे अजून!"

शेजारी फुलचंदजी रडवेल्या तोंडानं खिचडी चिवडत होते. शेवटी ते हळूच कानाशी वाकले.

"इवाई, खरं सांगा. हे तुमी रोज खाता?"

"रोज."

"मंग बिमारी खरीच हाय तुमाले!"