स्थळ चांगलं, पण उतार नाही

पृथ्वी गोल आहे, हे शाळेत शिकवतात. ती उतरती आहे, हे फक्त जुनी गाडी शिकवते.

धारूरच्या निवृत्तीरावांचं हे शिक्षण सहा वर्षांपूर्वी, त्यांच्या पांढऱ्या गाडीचा स्टार्टर जळाला त्या दिवशी सुरू झालं. गाव घाटाच्या तोंडावर आहे (पूर्वजांची दूरदृष्टी). गाडी उतारावर लावायची, ब्रेक सोडायचा, दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडायचा. सहा वर्षांत गाडी अशी २,१८७ वेळा सुरू झाली. तीनदाच झाली नाही, तेव्हा लोकांनी ढकलली (दोनदा निवडणूक होती, त्यामुळे उमेदवारांनीही).

"काका, अर्ध्या तासाचं काम हाय," पप्पू मेकॅनिक दर महिन्याला म्हणायचा. "नवा स्टार्टर टाकून देतो."

"आन त्या अर्ध्या तासात गाडी लागली तर?"



मग घराचा कारभार उताराच्या धोरणानुसार चालू लागला. नारायणगडाच्या देवस्थानाला चढ आहे, म्हणून निवृत्तीरावांची भक्ती वाढली. त्यांच्या पत्नीचा, सिंधुबाईंचा, गुडघा दुखत होता. पण बीडमध्ये उतार सापडला तो दातांच्या दवाखान्यासमोर. दोन दाढा गेल्या. गुडघा अजून दुखतो.

उताराची शास्त्रीय चाचणी घेण्यासाठी निवृत्तीराव खिशात लिंबू बाळगत. जमिनीवर ठेवलं आणि घरंगळलं, की जागा मंजूर.

लेकीचं, वनिताचं, लग्न निघालं तेव्हा हेच लिंबू कामाला आलं. लेकीकडे जाणं सोपं. परत निघायचं कसं, हा प्रश्न होता. तीन स्थळं सपाटीमुळे नापास झाली. त्यातला एक मुलगा तर सरकारी नोकरीत होता.

"आबा, तुमी नवरा बघायलात का गाडीला जागा?" वनिताने विचारलं.

"दोनी."

चौथं स्थळ चकलांब्याचं. मुलगा नाथा, वायरमन. गाडी दीड किलोमीटर अलीकडे कालव्याच्या भरावावर लावून मंडळी उन्हातून चालत पोहोचली. वनिता आणि नाथा पंधरा मिनिटं बोलले. ती चारदा हसली (सिंधुबाईंनी मोजलं). त्याच वेळी निवृत्तीरावांनी अंगणात वाकून लिंबू ठेवलं.

लिंबू हललं नाही.

नाथाची आई बायनाबाई किंचाळली, "आवं, आमच्या दारात लिंबू कावून ठेवलं?"

"उतार बघायलो."

"कुणाचा उतारा?" म्हणत ती मीठ-मिरच्या आणायला धावली.

निवृत्तीरावांनी निकाल दिला, "पोरगं लई चांगलं हाय. गल्ली सपाट हाय."

"मी हितंच नांदणार," वनिता सगळ्यांसमोर म्हणाली. "न्हाईतर लगीनच न्हाई. जल्मभर तुमची गाडी ढकलत बसन."

दुसरा पर्याय निवृत्तीरावांना तितका वाईट वाटला नाही. सिंधुबाईंना वाटला. 

आठव्या दिवशी नाथाकडून एक फोटो आला. त्याने चार ट्रॉल्या मुरूम टाकून दारासमोर थेट रस्त्यापर्यंत उतार केला होता. (आता बायनाबाईंना घरात शिरायला चढावं लागत होतं, आणि त्यांचाही गुडघा दुखू लागला होता.) निवृत्तीराव लिंबू घेऊन गेले. लिंबू घरंगळत रस्ता ओलांडून शेजाऱ्याच्या गोठ्यात गेलं. ते तिथं म्हशीने खाल्लं, तेव्हा निवृत्तीरावांचे डोळे भरून आले.

"जावई म्हणावं तर असा," ते म्हणाले.

लग्न लागलं. आहेर म्हणून पप्पूने, कुणालाही न विचारता, मांडवामागे गाडीला नवा स्टार्टर बसवून दिला. अठरा मिनिटं लागली. निवृत्तीरावांनी किल्ली फिरवली. गाडी सपाटीवर, जागच्या जागी सुरू झाली.  मग त्यांनी गाडी बंद केली, मुंडावळ्या बांधलेल्या नाथाला हाक मारली आणि सासऱ्या-जावयाने मिळून ती ढकलत उतारावर नेली.

"नवा स्टार्टर हाय, जावईबापू," ते धापा टाकत म्हणाले. "उगं झिजवायचा कशाला?"

वाचकांना हसू आलं असेल. येऊ द्या. हसून झालं की तेवढं आठवून सांगा: तुमच्या न्हाणीघराचं दार आधी थोडं उचलायचं, मग आत ढकलायचं आणि मगच कडी लावायची, हे तुम्ही पाहुण्यांना किती वर्षं समजावताय?

पाच मिनिटांचं काम आहे, म्हणे.