एलीच्या शॉकची गळती

सायकलीच्या शॉकमधली, म्हणजे दणके झेलणाऱ्या हवेच्या नळकांड्यातली, गळती शोधण्यात आमच्या इनर्लीदन गावात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलंय!

त्यामुळे माझी बायको एली रविवारी पहिल्यांदाच डोंगरउताराच्या शर्यतीत उतरणार म्हटल्यावर तिची सायकल मी ताब्यात घेतली. सोमवारी मागच्या शॉकमध्ये हवा भरली, दाब एकशे ऐंशी. मंगळवारी पंप लावून बघतो तर काटा एकशे अडुसष्टवर!

"एली, शॉक गळतोय!"

"कालपर्यंत तर चांगला होता."

"हळू गळती अशीच असते. दबा धरून बसते."

गळतीचा वेग कळावा म्हणून, वर हवा न भरता, मी दर तासाला पंप लावू लागलो. दर तासाला काटा खाली! शॉकला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. काढून टबात बुडवला. तरी नाही. एली टॉवेल घेऊन दारात उभी.

"आधी मी आंघोळ करू, की याची उरकतोयस?"

ती आत गेल्यावर मी लोणी लावायच्या सुरीनं शॉक उघडला, आतल्या हवा अडवणाऱ्या रबरी कड्या पुसल्या, पुन्हा बसवल्या आणि हवा भरली. सुरी धुऊन जागेवर ठेवली. हे तिला सांगू नका!

शनिवारी सायकल क्लबातले सहा दोस्त चहाला आले. आमच्यात दुसऱ्याच्या पंपावर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून सहाही जणांनी आपापला पंप लावून खात्री केली. बिस्किटं संपायच्या आत एकशे ऐंशीचे एकशे पंधरा!

स्ट्रूअननं टोपी काढली. "लॉकलन, हा गेला रे." मग सहज बाहेर जाऊन त्यानं स्वतःच्या सायकलीला पंप लावला आणि ओरडला, "मेलो! माझाही गळतोय!"

पाहता पाहता सगळ्यांचेच गळू लागले. "थंडीची साथ आहे," मी निदान केलं.

सात सायकलींची वरात एफीबाईंच्या दुकानी गेली. चिंताक्रांत एली मागोमाग. एफीबाई सत्तरीच्या. स्वेटरच्या गिरणीतून निवृत्त झाल्यावर त्या सायकली दुरुस्त करू लागल्या.

"गळतो हे कळलं कसं?" त्यांनी विचारलं.

"पंप लावून!" आम्ही एकसुरात.

"लावताना पंपाची नळी रिकामी असते ना? मग ती भरते कशानं?"

सातही जणांनी आपापल्या पंपाकडे पाहिलं.

"शॉकातल्या हवेनं, बाळांनो! दर वेळी घोटभर पिते. तुमचे शॉक गळत नाहीयेत, तुम्ही ते उपसताय!"

एली हसली नाही. त्याची मला जास्त भीती वाटली. रविवारी सकाळी तिनं माझी सायकल बाहेर काढली.

"अगं, तुझी तयार आहे की!"

"हिला तू हात लावलेला नाहीस," ती म्हणाली.

आणि तिसरी आली! चिखलात उभा राहून मी घसा बसेपर्यंत ओरडलो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

तेव्हापासून माझी सायकल तिची आणि तिची माझी. सुरी कुठल्यातरी कडीला लागली असावी, कारण हा शॉक आता खरंच गळतो. मागचं चाक खडकाखडकाला माझी हाडं मोजतं. शेवटी एकटाच एफीबाईंकडे गेलो.

"शॉक गळतोय."

त्यांनी मानही वर केली नाही. "पंप लावून बघितलंस?"

"हो."

"मग लावू नकोस."