आधी फॅट, मग दूध

आमच्या कळंब्याच्या गल्लीतले आबा कुठलंही पुस्तक शेवटून वाचत. शेवट गोड निघाला तरच पहिल्या पानाला हात, नाहीतर पुस्तक परत. सिनेमाचंही तेच. आधीचा खेळ सुटला की दारात उभं राहून बाहेर येणाऱ्याला गाठायचं, "पावणं, हिरो जगतोय न्हवं?" मगच तिकीट. दूध संस्थेत तीस वर्षं दूध तपासण्यात गेलेली. "आदी फॅट बगायचं, मग दूध घ्यायचं," हा त्यांचा मंत्र.

एकाच ठिकाणी तो चालत नव्हता. त्यांची लेक सुमन जातीबाहेर लग्न करून कुरुंदवाडला गेली होती. चार वर्षं आबांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. तिची पत्रं येत आणि न फोडताच पिठाच्या डब्यामागे जात. आत माया आहे की शिव्या, हे पाकीट फोडल्याशिवाय कळणार कसं?

दोन हजार सहा साली मी कॉम्प्युटर घेतला. राजारामपुरीत निम्म्या किमतीत एक सीडीही मिळाली. तिच्यात पन्नास परदेशी कादंबऱ्या, मराठी अनुवादात. आबा रोज संध्याकाळी माझ्या खुर्चीत ठाण मांडू लागले. "ह्ये रशियातलं लोक आपल्यागत भांडत्यात की रं!"

मग ती कादंबरी आली. एक म्हातारा गिरणीवाला, मनाविरुद्ध लग्न केलेली त्याची पोर, आणि ती बर्फात दाराशी उभी. ही मात्र आबा शेवट न बघताच वाचत सुटले. का, ते मी विचारलं नाही. आणि नेमकं शेवटचं प्रकरण उघडेना. पडदा नुसता पांढरा.

"दार उघडतोय का न्हाय त्यो?" आबा दिवसातून तीनदा विचारायला येत. चहा समोर गार होई. शेवटी माझंच डोकं फिरलं.

"आबा, गिरणीवाल्याचं राहू द्या. तुमच्या डब्यामागचं आधी फोडा!"

ते ताडकन उठून गेले. आठ दिवस फिरकले नाहीत. मला माझ्या जिभेचा फार राग आला.

दुकानदारानं सीडी बदलून दिली. मी शेवट वाचला. म्हाताऱ्यानं दार उघडलं होतं, पण पायरीवर कुणीच नव्हतं. हे आबांना कुठल्या तोंडानं सांगायचं? तरी गेलो.

ते खाटेवर बसले होते. समोर पिठानं माखलेली पाकिटं.

"घावला शेवट?"

"घावला. सांगू?"

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. नुसत्या नजरेनं दुधातलं पाणी ओळखणारा माणूस तो.

"नगं," म्हणाले, आणि सगळ्यात जुनं पाकीट त्यांनी अंगठ्यानं फाडलं. आता कागदाच्या तळाशी बघणार, असं मला वाटलं. पण त्यांनी वरून सुरुवात केली.

"तीर्थरूप आबा..." एवढंच वाचून ते थांबले. मग त्या कागदालाच म्हणाले, "व्हय बाळ. बोल की."