किसनमामाचं आगाऊ स्वागत

किसनमामा मेलेल्या माणसाबद्दल एक ओळ लिहीत नाहीत. जिवंत माणसाबद्दल मात्र काहीही लिहितात.

आमच्या पेठेत वाढदिवस असो, निवड असो नाहीतर कुणाच्या म्हशीचा पहिला नंबर, चौकात डिजिटल लागतं. फ्लेक्सला आम्ही डिजिटलच म्हणतो. त्यावरचा मजकूर मामांचा, म्हणजे सगळ्या पेठेच्याच मामांचा. कुत्रं भुंकलं की जिन्यात पळणारा आमचा बाळू त्यांच्या कृपेनं 'पेठेचा ढाण्या वाघ' आहे. दिनकरशेठना त्यांनी 'दिलदार व्यक्तिमत्त्व' केलं, तेव्हा मी म्हणालो, "मामा, त्यांनी जन्मात कुणाला चहा पाजला नाही."

"म्हणून तर लिवलं! आता पाजल की. एवढ्या मोठ्या अक्षरात लिवल्यावर जातोय कुठं?"

शेठनी त्या संध्याकाळी खरंच चहा पाजला. अर्धा कप, पण पाजला.

'भावपूर्ण श्रद्धांजली'चं काम आलं की मात्र मामा चष्मा पुसायला घ्यायचे. "ते खातं आपल्याकडं न्हाय." छपाईच्या दुकानाचा मालक कपाळावर हात मारून घ्यायचा.

मीही लिहितो. कथा वगैरे. मामांच्या लेखी मी धाकटा लेखक. "तुझं पुस्तक कपाटात झोपलंय. माझं चौकात उभं हाय!"

लॉकडाऊन लागला तेव्हा सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. आता काय, बसा लिहीत! प्रत्यक्षात बायकोचं ऑफिस स्वयंपाकघराच्या ओट्यावर भरायचं, आई बाहेरच्या खोलीत टीव्हीशी भांडायची, आणि मधल्या खोलीत मी सकाळी लिहिलेलं वाक्य संध्याकाळी खोडायचो. भांडी घासताना सुचायचं, हात पुसले की जायचं.

मामा मात्र जोरात होते. दुकानाला पुढून कुलूप, मामा मागच्या दारानं आत. फ्लेक्सच्या तुकड्याचा मास्क त्यांनी स्वतः शिवला होता आणि त्यावर नेमकी कुणा पुढाऱ्याची मिशी आली होती. श्वास घ्यायला ती मिशी दर वाक्याला खाली ओढावी लागे. पोलिसानं अडवलं तर मिशी ओढून विचारायचे, "साहेब, वाढदिवस कधी असतो तुमचा?"

गल्लीतलं कुणी दवाखान्यात गेलं की दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी त्याचं डिजिटल: 'कोरोनाला चितपट करून परतलेल्या आमच्या पैलवानाचं सहर्ष स्वागत!' पैलवान अजून तिकडं खोकत असायचा. लोक चिडायचे, मामा हलायचे नाहीत. बरेच जण परतले. जे परतले नाहीत त्यांचं डिजिटल मामा कुणी उठायच्या आत उतरवून न्यायचे. त्याबद्दल विचारलेलं त्यांना चालत नसे.

आईचं आणि त्यांचं जुनं भांडण. आमच्या बाहेरच्या खोलीची खिडकी गल्लीच्या तोंडावर आहे आणि मामा दोऱ्या बांधायचे तिच्याच गजांना. "किसन, तुझा वाघ काढ माझ्या खिडकीवरनं! तांदूळ निवडायला उजेड न्हाय!"

"परवा काढतो, वहिनी."

तो परवा कधी आला नाही.

दुसऱ्या लाटेत आईला दवाखान्यात नेलं. आत कुणाला सोडत नव्हते. आता जे सांगतोय ते माझ्या बायकोलाही माहीत नाही. त्या दुपारी घरी येऊन मी आईचा मृत्युलेख लिहिला. वेळेवर सुचणार नाही, तयार असावा, असं मी स्वतःला समजावलं. खरं ते वेगळंच होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा वाक्यं धडाधड येत होती. एक विशेषण बदललं आणि मला बरं वाटलं. आई ऑक्सिजनवर, आणि मला बरं वाटलं.

मग तिचा फोटो घेऊन मी मामांकडं गेलो. म्हटलं, मोठा करून द्या.

"कशाला?"

मी फोटो पुढं केला. त्यांनी मिशी खाली ओढून माझ्याकडं पाहिलं आणि फोटो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी आमच्याच खिडकीवर आई झळकली: 'पेठेची रणरागिणी परतली! स्वागतोत्सुक: सुपुत्र, सूनबाई व समस्त गल्ली.' सुपुत्राचा फोटो सगळ्यांत मोठा होता. माझा तोल गेला. "मामा, काढा ते! ती अजून तिथंच आहे."

"म्हणून तर लावलं. आल्यावर लावून काय उपेग?"

"आणि नाही आली तर?"

"लेखक हायस न्हवं? मग माणसाला तिकडं धाडून काय लिवतोस? इकडं आणून लिव की!"

त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. तरी मी घरात गेलो आणि लेख पुसून टाकला.

आई आली. रिक्षातून उतरता उतरता तिनं डिजिटल वरपासून खालपर्यंत वाचलं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "सगळ्या पेठेत माझीच खिडकी घावली व्हय रे किसन?"

पुढं काही दिवस मामा दिसले नाहीत. आईनं खिचडीचा डबा भरला. "बघून ये त्याला. एकटा हाय." इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्या खोलीत गेलो. साधा ताप होता, उतरलाही होता. ते उठून बसले तशी खाली अंथरलेली, गल्लीतून उतरवून आणलेली डिजिटलं दिसली, छापील बाजू खाली करून. एकच सुलटं होतं, अगदी उशाशी. नऊवारीतली, मामांसारख्याच नाकाची बाई. 'आमची अक्का ठणठणीत होऊन घरी आली!'

"थोरली भण," मामा म्हणाले. "गारगोटीच्या अलीकडं दिली होती. तिनंच वाढीवला मला. पहिल्या लाटेत आजारी पडली. हे काखेत मारून चालत गेलतो. तर गाव बंद, वेशीवर कळक आडवा बांधलेला. म्हटलं, मला नका सोडू, पर एवढं तिच्या दारात बांधा. रोगाच्या भ्यानं कुणी हात लावंना डिजिटलला." त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "लावायचंच ऱ्हायलं बघ. लावलं असतं तर आली असती."

तसं नसतं मामा, असं म्हणायला तोंड उघडलं. पण तसं नसतं हे सांगणारा मी कोण? मी त्यांना मृत्युलेखाचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पुसलास न्हवं?"

"पुसला."

"मग झालं. चमचा दे."

घरी येऊन आईला अक्काचं सांगितलं. माझं नाही, ते तिला आज हे वाचून कळेल. तिनं तांदळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "माझं उतरीव. तिचं आण."

मामांनी स्वतः दोऱ्या आवळल्या. एरवी चार गाठी मारणारा माणूस त्या दिवशी गाठीवर गाठी मारत होता. घरात अंधार झाला. दूध घेऊन जाणारा एकजण थांबला, मान वर करून वाचू लागला. "कोण ह्या अक्का? कधी आल्या?"

मामांनी आणखी एक गाठ मारली.

डिजिटलच्या मागून, अंधारातून आईचा आवाज आला, "ह्या काय, आत्ताच आल्या. लिवलंय न्हवं वर? वाच की!"